बुधगावचा, मालगावचा आणि रोमचा

अण्णांच्या वहीत 'पहिला ट्रंपेट', 'दुसरा ट्रंपेट' असं कुठेच लिहिलेलं नाही. समासात लिहिलंय 'बुधगावचा', 'मालगावचा', 'हरिपूरचा', 'अंकलीचा'. जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही, निळ्या शाईत सारेगम, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वाजवणाऱ्याच्या गावाचं नाव. अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीत चाळीस वर्षं ते लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे, त्यातली बावीस वर्षं मास्तर म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागातल्या आमच्या घरात शिरलं, तेव्हा पेटी गेली, दोन साइड ड्रम फुगून फाटले, क्लॅरिनेटच्या केसात गाळ बसला. वही माळ्यावर होती म्हणून राहिली. घर धुऊन झाल्यावर उन्हात बसून मी ती पहिल्यांदा नीट वाचली.

मालगावच्याचे ओठ दोन तासांत सुजायचे. म्हणून वरातीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या गाण्यांत अण्णांनी त्याला खालचे स्वर दिलेत, वरच्या सप्तकात पाठवलेलंच नाही. बुधगावच्याचा दम मोठा, तर अंतऱ्याआधीचा लांब स्वर कायम त्याच्याकडे. हरिपूरचा क्लॅरिनेटवाला आधी सनई वाजवायचा, त्याच्या हातात मींड होती, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, म्हणून जिथे गाण्यात बाई रडते तिथे ओळ त्याची. वही वाचताना मला एकेक माणूस दिसत होता. आणि सारखा एकच विचार मनात येत होता, की हे मी दुसरीकडे ऐकलंय. रोममध्ये एक माणूस हेच करत होता. त्याची पातळी वेगळी, वाद्यवृंद शंभर जणांचा, पण काम हेच.

तो माणूस म्हणजे इटलीचे चित्रपट संगीतकार एन्निओ मोरिकोने. ते माझ्या आयुष्यात १९९६ मध्ये आले. विश्रामबागेत इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर माझा एक मित्र होता, त्याच्याकडे कुठूनतरी कॉपी केलेली एक कॅसेट होती. बाजूवर पेनने नुसतं 'वेस्टर्न' लिहिलेलं. टेपरेकॉर्डरचा हेड घासलेला, त्यामुळे सगळं थोडं दबलेलं यायचं. त्यातून एक शिट्टी आली. माणसाची, तोंडाने वाजवलेली. मग चाबकाचा फटका, घंटेचा ठोका, बासरीचा एक झपाट्याने वर जाणारा तुकडा, आणि पुरुषांचा कोरस. हे सगळं एकाच गाण्यात आणि कोणी कोणाच्या पायात येत नाही. मी बँडवाल्याचा पोरगा. आमच्याकडे सगळे एकदम वाजवतात, कारण रस्त्यावर आवाज पोचला पाहिजे. इथे प्रत्येकाला आपापली जागा होती आणि बाकीचे तोवर गप्प थांबत होते. ती कॅसेट मी त्या रात्री चार वेळा ऐकली आणि परत दिली नाही.

ती शिट्टी अलेस्सान्द्रो अलेस्सान्द्रोनी यांची, हे मला फार नंतर कळलं. त्यांनीच त्यात गिटार वाजवलं आणि कोरसही त्यांच्याच गटाचा होता. ते संगीत १९६४ च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' या काउबॉयच्या सिनेमाचं, म्हणजे वेस्टर्नचं. दिग्दर्शक सर्जिओ लिओने. लिओने मोरिकोनेंच्या घरी काम घेऊन आले तेव्हा मोरिकोनेंनी त्यांना ओळखलं. दोघे लहानपणी रोममध्ये एकाच शाळेत, एकाच वर्गात होते आणि वर्गाच्या फोटोतही दोघे आहेत. त्या सिनेमाला त्यांचं खरं नाव मात्र नव्हतं. निर्मात्यांना अमेरिकन वाटणारी नावं हवी होती, म्हणून संगीतकार म्हणून झळकलं 'डॅन सॅव्हिओ'. लिओनेही 'बॉब रॉबर्टसन' झाले होते.

नावावरून सांगतो. मी अरेंजर आहे. विश्रामबागेत माझी दहा बाय बाराची रेकॉर्डिंगची खोली आहे. भक्तिगीतं, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, निवडणुकीची गाणी, दिवाळी पहाटेची तयारी, असं माझं काम. काही वर्षांपूर्वी एका अल्बमची आठही गाणी मी बसवली. सुरुवातीचे म्युझिक पीस, मधल्या जागा, कोरसच्या ओळी, कुठे तबला थांबेल आणि कुठे फक्त टाळ राहील, सगळं. अल्बम आला तेव्हा त्यावर गायक होता, कवी होता, संगीतकार होता, फोटो काढणाराही होता. संयोजन ही ओळच नव्हती. मला फार लागलं. अण्णा म्हणाले, "वरातीत नवरदेवाचं नाव असतं, आपलं नसतं. आपलं काम ऐकू आलं ना?" ऐकू आलं होतं. पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, आजही होत नाही. चाल ही चाल असते. ती चाल कोणाच्या तोंडून, कोणत्या वाद्यातून, किती शांततेनंतर येते, हे ठरवणं म्हणजे निर्मितीच आहे, आणि हे मी मोरिकोनेंकडून शिकलो.

त्यांची सुरुवातही वाजवण्यातूनच झाली. जन्म १० नोव्हेंबर १९२८, रोम. वडील मारिओ हे व्यावसायिक ट्रंपेटवादक, ऑर्केस्ट्रांत वाजवून घर चालवणारे. मुलगाही ट्रंपेटच शिकला, सांता चेचिलिया या रोमच्या मोठ्या संगीतशाळेत. युद्धाच्या काळात वडील आजारी असले की किशोरवयातला एन्निओ त्यांच्या जागी रात्री वाजवायला जायचा. रोममध्ये दोस्त सैन्य आल्यावर सैनिकांसमोर वाजवायचा आणि बदल्यात पुष्कळदा पैशाऐवजी खायला मिळायचं.

हे वाचलं तेव्हा मला १९९३ चा मे महिना आठवला. अण्णांना ताप, सुपारी आधीच घेतलेली, वरात गणपती पेठेतून निघणार. मी सोळा वर्षांचा. अण्णांचा लाल कोट मला गुडघ्यापर्यंत येत होता. मारुती चौकापर्यंत माझा खालचा ओठ आतून फाटला आणि माउथपीसला लोखंडाची चव यायला लागली. बुधगावच्याने ते पाहिलं. काही न बोलता माझी ओळ त्याने स्वतःकडे घेतली आणि नजरेनेच मला खालचा 'सा' धरायला सांगितलं. घरी आल्यावर अण्णांनी पैशाचं विचारलं नाही. "कुठल्या गाण्यात सुटलं?" एवढंच विचारलं. (ट्रंपेटवाल्यांच्या घरातून किती जण निघाले बघा. आपले प्यारेलाल, लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधले, तेही ट्रंपेटवादक पंडित रामप्रसाद शर्मांचेच चिरंजीव.)

मोरिकोनेंनी १९४६ मध्ये ट्रंपेटची पदविका घेतली आणि मग गोफ्रेदो पेत्रास्सी यांच्या हाताखाली संगीतरचना शिकून १९५४ मध्ये तीही पदविका मिळवली. पेत्रास्सी हे इटलीतल्या गंभीर संगीतातलं मोठं नाव. अशा गुरूचा शिष्य मैफलीसाठी लिहिणार, हीच अपेक्षा. पण १९५६ मध्ये मारियांशी लग्न झालं, घर चालवायचं होतं, आणि मोरिकोने गाण्यांची अरेंजमेंट करायला लागले. आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या इटालियन शाखेसाठी त्यांनी ढिगाने गाणी बसवली. त्या जगात ही कामं हलकी समजली जायची आणि हा सल त्यांच्या मनात पुष्कळ वर्षं राहिला. १९७० नंतर सिनेमा बंद, असं त्यांनी मारियांना सांगितलं होतं. मग म्हणाले १९८०. मग १९९०. सिनेमा कधी बंद झाला नाही, आणि मैफलीसाठीचं त्यांचं स्वतःचं लेखनही थांबलं नाही. शंभराहून जास्त रचना तशा आहेत.

अरेंजर म्हणून त्यांनी काय केलं ते बघा. १९६० मध्ये जान्नी मेच्चा यांचं एक गाणं होतं, पत्र्याच्या डब्याबद्दल. मोरिकोनेंनी त्यात खरोखरच घरंगळणाऱ्या डब्याचा आवाज वाद्य म्हणून वापरला. १९६६ मध्ये मीना या गायिकेसाठी त्यांनी स्वतः एक चाल केली, तिचा मुखडा तीन स्वरांवर फिरतो. तीनच स्वर, पण ठेक्याचा जोर दर वेळी वेगळ्या स्वरावर पडत राहतो, म्हणून ऐकताना ते तीन आहेत हे लक्षातच येत नाही. मी हे पेटीवर बसून मोजलं तेव्हा विश्वास बसेना. डबा काय, चाबूक काय, शिट्टी काय, सगळं एकाच सवयीतून आलंय. बाजारू समजल्या जाणाऱ्या कामात त्यांनी शाळेत शिकलेलं सगळं ओतलं.

आणि माणसं. मी वहीवरून सुरुवात केली ती यासाठी. मोरिकोनेंच्या संगीतात 'एक सोप्रानो', म्हणजे उंच आवाजाची कुणीतरी गायिका, असं कधी नसतं, एड्डा देल्ओर्सो असतात. त्या अलेस्सान्द्रोनींच्या कोरसमधल्या. त्यांचा आवाज मोरिकोनेंनी शब्दांशिवाय वापरला, नुसता 'आ'कार. १९६६ च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' मध्ये एक माणूस कबरस्तानात सोन्याची कबर शोधत गोल गोल पळतो आणि वर हा आवाज चढत जातो. आपल्याकडे आलाप ऐकत वाढलेल्या माणसाला तो लगेच कळतो, कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्याच सिनेमात मुख्य तुकडा एकच आहे, कोल्हेकुईसारखा, पण तीन माणसांसाठी तीन गळे. चांगल्यासाठी बासरी, वाईटासाठी ओकारिना हे छोटं फुंकवाद्य, आणि तिसऱ्यासाठी, म्हणजे कुरूप टुकोसाठी, माणसाचा आवाज. सूर तेच, वाजवणारं बदललं की माणूस बदलतो.

मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत गेलात तर हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने दिसते. मी तिथे एकदा एका गायिकेसोबत तानपुरा न्यायला गेलो होतो. कारागिराने आधी विचारलं, "गाणार कोण, आणि पट्टी कुठली?" त्या म्हणाल्या, पांढरी चार. मग त्यांना तिथेच सतरंजीवर बसवून गायला लावलं. त्या गात होत्या आणि ते तारेखालचा दोरा घोडीवर केसभर पुढे, केसभर मागे सरकवत जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावत होते. एका क्षणी तारेतून तो भुंगा उठला आणि त्यांच्या 'सा'ला चिकटला. कारागीर म्हणाले, "आता हा तुमचा. दुसऱ्या कुणाला दिला तर परत लावावा लागेल." मोरिकोनेंच्या स्वरलिपीची पानं मी पडद्यावर पाहिली आहेत, पेन्सिलीने लिहिलेली, स्वच्छ. ते पियानोवर बसून चाल शोधत नसत. टेबलाशी बसून सगळ्या वाद्यांच्या ओळी स्वतःच्या हाताने एका पानावर उतरवायचे. वाद्यमेळाचं काम मदतनिसांकडे सोपवायची पद्धत हॉलिवूडमध्ये रुळलेली होती, ती त्यांनी घेतली नाही. त्यांच्या लेखी ऑर्केस्ट्रेशन दुसऱ्याला देणं म्हणजे रचनाच दुसऱ्याला देणं.

शांततेबद्दल एक सांगायलाच हवं. १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' साठी त्यांनी मुख्य चाली शूटिंगच्या आधीच करून दिल्या आणि लिओनेंनी सेटवर त्या वाजवून कॅमेरा हलवला. नायिका रेल्वे स्टेशनच्या इमारतीत शिरते, कॅमेरा छपरावरून वर जातो आणि पलीकडे गाव उघडतं, त्याच क्षणी एड्डांचा आवाज आणि वाद्यवृंद वर येतो. गाणं आधी आणि चित्र नंतर, हे आपल्याला नवीन नाही, पण पार्श्वसंगीत असं आधी? मात्र त्याच सिनेमाची सुरुवात बघा. तीन गुंड स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेत आणि कितीतरी मिनिटं संगीतच नाही. कुरकुरणारी पवनचक्की, टोपीवर पडणारा पाण्याचा थेंब, माशी. मोरिकोने प्रयोगशील संगीतातले होते, आवाजालाच संगीत मानणाऱ्या गटात ते वाजवायचे, आणि ही दृष्टी तिथून आलेली. आमच्या धंद्यात दोन सेकंद रिकामे राहिले तर गिऱ्हाईक विचारतं, इथे काही घालायचं राहिलंय का. मी आता नम्रपणे सांगतो, घातलंय.

हिंसेच्या सिनेमांचा संगीतकार म्हणून त्यांना अडकवून ठेवू नका. चारशेहून जास्त चित्रपट आणि मालिका आहेत. 'द बॅटल ऑफ अल्जीअर्स' आहे, बेर्तोलुच्चींचा '१९००' आहे, १९८८ चा 'सिनेमा पॅरादिसो' आहे, त्यातली प्रेमाची धून त्यांच्या मुलाची, आन्द्रेआची. माझ्यासाठी सगळ्यात वर १९८६ चा 'द मिशन'. अठराव्या शतकातलं दक्षिण अमेरिकेतलं जंगल, एक पाद्री दगडावर बसून ओबो हे सनईच्या जातीचं वाद्य वाजवतो आणि झाडीतून तिथले ग्वारानी आदिवासी बाहेर येतात. ओबोच्या चालीत त्या काळच्या युरोपातली नक्षी आहे. दुसरीकडे चर्चचं समूहगान. तिसरीकडे तिथल्या लोकांचा ठेका आणि त्यांचं ओरडून गाणं. सिनेमाभर हे तिन्ही वेगळे ऐकू येतात आणि शेवटी मोरिकोने तिन्ही एकावर एक ठेवतात. एकही ओळ दुसरीसाठी वाकत नाही, तरी बसतात. मी ही रचना तीन रंगांच्या पेनांनी कागदावर उतरवायचा प्रयत्न केला, आठ दिवस लागले, आणि निळा रंग मध्येच दोन ठिकाणी सुटतोच माझ्याकडून.

त्या वर्षीचं ऑस्कर त्यांना मिळालं नाही. नामांकनं होत राहिली, १९७९ पासून. २००७ मध्ये सन्मानाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा ते इटालियनमध्येच बोलले आणि शेजारी अभिनेते क्लिंट ईस्टवूड भाषांतर करत उभे होते. पुरस्कार त्यांनी मारियांना अर्पण केला. मारियांचा वाटाही मोठा. चाली आधी त्या ऐकायच्या, आणि त्यांच्या पसंतीला उतरलेल्याच दिग्दर्शकापुढे जायच्या. (माझ्या खोलीतलं पहिलं ऐकणं आईचं. ती भाजी निवडायची थांबली की ते राहतं.) स्पर्धेतलं ऑस्कर मिळालं २०१६ मध्ये, 'द हेटफुल एट' साठी, वयाच्या ८७ व्या वर्षी. रोम सोडून ते कधी राहायला गेले नाहीत.

२०२० च्या जुलैमध्ये आमच्याकडे सगळं बंद होतं. लग्नं पन्नास माणसांत, वरात नाहीच. बँडवाले भाजीच्या गाड्या लावत होते. अंकलीचा ड्रमवाला एमआयडीसीत वॉचमन म्हणून लागला. गुरुपौर्णिमा रविवारी झाली, आणि दुसऱ्या दिवशी, ६ जुलैला, मोबाइलवर मोरिकोनेंची बातमी आली. पडून मांडीचं हाड मोडलं होतं, त्यातून रोममध्येच वारले. स्वतःच्या मृत्यूची बातमी त्यांनी स्वतः लिहून ठेवली होती, घरच्यांची एकेकाची नावं घेऊन, आणि सर्वात शेवटी मारियांचा निरोप.

संध्याकाळी मी अण्णांना हेडफोन लावला. त्यांच्या पुढच्या दातांची कवळी झाल्यापासून ट्रंपेट बंद आहे, कान मात्र शाबूत. १९६४ च्या सिनेमातली शेवटच्या सामन्याआधीची धून लावली. लिओनेंना त्यासाठी नीनी रोस्सो हा गाजलेला ट्रंपेटवाला हवा होता. मोरिकोने मिकेले लाचेरेन्झा यांच्यासाठी अडून बसले, कारण ही ओळ कोणाच्या दमातून यायला हवी हे त्यांना माहीत होतं. यातलं मी अण्णांना काहीच सांगितलं नाही.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. उजव्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर पिस्टन दाबत होती. लांब स्वर आला, स्वर थरथरत वर गेला आणि तिथेच थांबून राहिला. अण्णांनी हेडफोन काढला.

"आरं, ह्यो बुधगावच्यासारखा दम घेतोय," ते म्हणाले. "कुठला हाय ह्यो?"

मी नाव सांगितलं. त्यांना ते म्हणता येईना. मग त्यांनी वही मागितली, शेवटचं कोरं पान उघडलं, आणि मला लिहायला लावलं. समासात 'रोमचा', आणि पुढे तो लांब स्वर, मध्यम, त्यावर आडवी रेघ, पानाच्या कडेपर्यंत.